ड्यूटी संपायच्या आत

मोठ्या बाईंनी कोपराने नळ बंद केला आणि दोन्ही ओले हात खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. उजवं मनगट डाव्यापेक्षा बारीक दिसत होतं आणि त्याच्या कातडीवर अजून प्लॅस्टरखालचा फिकटपणा होता. त्यांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. थोडी कुरकुर होती, पण हात ऐकत होता. आजपासून दोन्ही हातांनी काम करायची परवानगी मिळाली होती, आणि योग असा की आज सकाळीच त्यांची स्वतःची सून कळा सोसत प्रसूतिगृहाच्या पायऱ्या चढून आली होती.

तिच्या मागून चिरंजीव आले. हातात दोन पिशव्या, काखेत घरची उशी, गळ्यात थर्मास. चेहरा मात्र असा, की जणू कळा त्यांनाच येत आहेत.

"आई, तू आहेस म्हणजे मला काळजीच नाही," ते म्हणाले.

"बाहेर बाक आहे. तिथे बसून काळजी करू नकोस," बाई म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

मनगट मोडलं ते या चिरंजिवांमुळेच. स्वयंपाकघरातला दिवा बदलतो, बदलतो असं ते पाऊस, थंडी आणि उन्हाळा सगळ्या ऋतूंत म्हणत राहिले. शेवटी बाई स्वतः स्टुलावर चढल्या आणि स्टुलासकट खाली आल्या. दिवा चिरंजिवांनी त्याच संध्याकाळी बदलला.

सून खाटेवर टेकली. ती शाळेत खेळ शिकवायची. एका शिट्टीत पोरांची अख्खी फौज रांगेत उभी करणारी बाई, पण या कळांना शिट्टी लागू पडत नव्हती. बाईंनी तिला तपासलं. बाळ सरळ होतं, ठोके घोड्याच्या टापांसारखे एका लयीत पडत होते. गर्भाशयाचं तोंड उघडत होतं, पण आपल्या मर्जीने, सावकाश. पाण्याची पिशवी शाबूत होती. ती बोटाला टणक आणि गुळगुळीत लागली, आणि बाईंचं बोट तिथे गरजेपेक्षा क्षणभर जास्त थांबलं.

"कसं आहे, आई?"

"उत्तम आहे. घाईत नाहीये, एवढंच."

"तुमच्या ड्यूटीत होईल ना?"

बाईंनी हातमोजे काढले. "बघू," त्या म्हणाल्या. हा शब्द आपल्या तोंडून या खोलीत पहिल्यांदाच निघाला, असं त्यांना वाटून गेलं.

कारण मोठ्या बाईंची ख्यातीच तशी होती. प्रसूतीच्या खोलीबाहेर एक काळा फळा होता. कुठल्या खाटेवर कोण, किती वाजता आली, हे त्यावर खडूने लिहायचं आणि बाई मोकळी झाली की पुसायचं. मोठ्या बाईंची सकाळची पाळी दुपारी संपायची, आणि जाताना त्या फळा कोरा करूनच जायच्या. अर्धवट काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही, हा त्यांचा बाणा. अडलेल्या बाईने एकदा आपला हात धरला की तो मध्येच सोडवून तिला परक्या हातात द्यायचं, ही गोष्ट त्यांना निर्दयपणाची वाटे. त्यामुळे पहाटे आलेली असो की अकरा वाजता आलेली, बाई आधी तिची पाण्याची पिशवी फोडायच्या. त्यासाठीचा आकडा विणकामाच्या सुईसारखा लांब आणि टोकाला जरा वाकडा असतो. बाईंच्या हातात तो इतक्या सफाईने फिरायचा, की फुटल्याचं बाळंतिणीला पाणी ओघळल्यावरच कळायचं. मग कळा जोर धरायच्या. नाहीच धरला तर सलाइनमधून औषध असायचं. एकूण काय, दुपारी फळा कोरा. बायका जाताना त्यांच्या पाया पडायच्या, नवरे मिठाई घेऊन यायचे, आणि यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. बाईंना तर नाहीच नाही.

प्लॅस्टर घातल्यावर त्यांनी घरी बसावं असं ठरत होतं. पण घरी बसून बाईंना काय करमणार? त्या म्हणाल्या, एक हात आहे ना, मी नुसती बसते बायकांपाशी, धीर द्यायला. मनुष्यबळ नेहमीच कमी असल्यामुळे कुणी नाही म्हटलं नाही. आणि अशा रीतीने, आयुष्य या खोलीत काढलेल्या मोठ्या बाई पहिल्यांदाच खाटेच्या उशाशी बसल्या. तोवर त्यांची जागा कायम पायथ्याशी होती. बाळ तिकडूनच येतं, तेव्हा सुईणीने दुसरीकडे बसायचं कारणच काय?

उशाकडून सगळं निराळं दिसायचं. त्यांच्या जागी काम करायला ती होती, जिला बाईंनीच हाताला धरून शिकवलं होतं आणि बाईंनीच नाव ठेवलं होतं, गोगलगाय. पोरगी गुणाची, पण घाई म्हणून नाही. पहिले काही दिवस बाईंचा जीव नुसता वरखाली होत होता.

"अगं फोड ना आता! कशाची वाट बघतेस?"

"बघू ना बाई थोडं. बाळ मजेत आहे, बाईही मजेत आहे."

"मजेत? सहलीला आलीये का ती?"

गोगलगाय हसायची आणि खरंच थांबायची. एका बाईच्या तर कळाच भर दुपारी थांबल्या. तिने वरणभात मागवला, पोटभर जेवली आणि घोरायला लागली. मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, तोही डावा. पाळी संपल्यावर घरी जायचं सोडून त्या रागारागाने तिथेच बसून राहिल्या. संध्याकाळी ती बाई जागी झाली, डोळे चोळले, आणि चहा थंड व्हायच्या आत मोकळी झाली.

पण बाईंच्या मनात सलत राहिली ती ही गोष्ट नव्हे. ते एका दुसऱ्या दिवशी घडलं. त्या दिवशी दुसऱ्या एका सुईणीने, बाईंच्याच पद्धतीने, बाईंच्याच सफाईने, एका कोवळ्या मुलीचं पाणी फोडलं. त्या क्षणापर्यंत मुलगी बाईंच्या डाव्या हाताची बोटं धरून, कळ आली की पुटपुटत, कळ गेली की गप्पा मारत होती. पाणी ओघळलं, पुढची कळ आली, आणि तिचा चेहरा बाईंना ओळखूच येईना. गप्पा संपल्या त्या संपल्याच. "चाललं होतं ते बरं होतं," एवढंच ती मधेच एकदा म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. बाळ लवकर झालं, छान झालं. पण बाईंना तो चेहरा घरी घेऊन जावा लागला. पायथ्याशी बसणाऱ्याला चेहरा दिसत नाही. दिसतो तो फक्त वेग.

नाही म्हणायला उलटही पाहिलं त्यांनी. एका सकाळी एका बाळाचे ठोके घसरायला लागले, तेव्हा हीच गोगलगाय अशी काही धावली की बाई पाहत राहिल्या. आकडा, पाणी, डॉक्टरांना हाक, सगळं एका दमात. त्या बाळाला आकड्यानेच वाचवलं, यात शंका नाही. म्हणजे आकडा वाईट नव्हताच. वाईट काही असलंच, तर त्याला हात लावायच्या आधी बाई घड्याळाकडे बघायच्या, ते होतं. आणि हे एकदा लक्षात आल्यावर पुन्हा विसरायची काही सोय नव्हती.

हे सगळं ठीक. पण परक्या बाईच्या बाबतीत थांबणं वेगळं आणि नातवंडाच्या बाबतीत थांबणं वेगळं. अख्ख्या गल्लीतली पोरं ज्या हातांत आली, त्या हातांत घरचं पहिलं बाळ यायला नको? सुनेला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून बाईंनी हे गृहीत धरलं होतं. प्लॅस्टर निघायची तारीख आणि सुनेची तारीख त्यांनी मनातल्या मनात शंभरदा जुळवून पाहिली होती. आणि आता पाळी संपायच्या आत बाळ झालं नाही, तर बाईंना उठून बाहेर जावं लागणार होतं. नातेवाईक प्रसूतीच्या खोलीत नकोत, हा तिथला पक्का नियम होता. सासवा आत येऊन लुडबुड करतात म्हणून तो आग्रहाने करून घेतला होता मोठ्या बाईंनीच. पाळीवर असेतोवर त्या सुईण होत्या. पाळी संपली की सासू.

दुपार जवळ यायला लागली तशा डॉक्टर फेरीवर आल्या. त्यांनी सुनेला तपासलं, ठोके ऐकले आणि बाईंना बाजूला घेतलं.

"सगळं छान आहे. सावकाश चाललंय, पण चाललंय. पाणी फोडायचं तर फोडा, थांबायचं तर थांबा. माझी दोन्हीला हरकत नाही. तुमचीच सून आहे."

"म्हणूनच तुम्ही सांगा."

"मग म्हणूनच मी तुमच्यावर सोपवतेय," डॉक्टर हसून म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या.

बाई खाटेशी परत आल्या. सुनेच्या कळा आता चांगल्याच बसत होत्या. ती खाटेच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून, डोकं खाली घालून उभी होती आणि बाई तिची कंबर चोळत होत्या. भिंतीशी ठेवलेल्या ट्रेमध्ये, पांढऱ्या कापडाखाली, आकडा होता. कापडावर त्याचा लांबट उंचवटा दिसत होता. बाईंनी तो पाहिला आणि मान फिरवली. जरा वेळाने पुन्हा पाहिला.

"आई," सून म्हणाली, "दुपार झाली का?"

"होतेय."

"तुम्ही गेल्यावर कोण?"

"तुला माहीत आहे ती. गोगलगाय. चांगली आहे हो. माझ्यापेक्षा गोड बोलते."

"मला गोड नकोय, तुम्ही हव्या आहात." कळ आली. ती गेल्यावर सुनेने मान वर केली. केस कपाळाला चिकटले होते. "तुमच्याकडे काहीतरी असतं ना, लवकर व्हायला? सगळ्या सांगतात. तेच करा माझं. मी काही म्हणणार नाही. फक्त तुम्ही असताना होऊ दे."

तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली. लग्न होऊन घरात आली तेव्हा 'आई' हा शब्द तिच्या तोंडात बसायला वेळ लागला होता. पहिले काही महिने ती 'अहो' म्हणून वेळ मारून न्यायची. बाईंना हे सगळं त्या क्षणी आठवलं, आणि त्यांचा उजवा हात ट्रेच्या दिशेने गेला. एक सफाईदार हालचाल, बस्स. डॉक्टरांची परवानगी आहे. सुनेची तर विनवणीच आहे. बाहेरचा तो थर्मासधारी खूश होईल. फळा कोरा होईल. कुणाचं काय बिघडणार होतं?

बाईंनी ठोके ऐकायचं यंत्र उचलून सुनेच्या पोटाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. टापा चालल्या होत्या. ना मंद, ना घाईच्या. आत जे कुणी होतं, त्याचं व्यवस्थित चाललं होतं.

"तुझ्या बाळाला गरज पडली तर क्षणाचाही उशीर करणार नाही," बाई म्हणाल्या. "पण त्याला गरज नाहीये."

"मला आहे."

बाई पुन्हा तिच्या पाठीशी गेल्या. त्या कंबर चोळत राहिल्या.

गोगलगाय आली ती नेहमीप्रमाणे शांतपणे, चपला काढून, हात धुऊन. तिने सुनेकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग ट्रेवरच्या न विस्कटलेल्या कापडाकडे पाहिलं. बाईंनी तिला सगळं सांगितलं: तोंड किती उघडलंय, ठोके कसे आहेत, पाणी शाबूत आहे. आवाज नेहमीचा, कामाचा होता.

"बाई, तुम्ही थांबा ना," गोगलगाय हळूच म्हणाली. "नियमाचं काय एवढं? मी कुणाला सांगणारेय? बाळ तुम्हीच घ्या. मी बाजूला उभी राहते."

सुनेने झटकन मान वळवली.

बाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मघापासून ऍप्रनच्या खिशात होता. त्यांनी तो मुद्दामच तिथे घालून ठेवला होता.

"नको," त्या म्हणाल्या. "मी आत राहिले तर हा स्वस्थ बसायचा नाही. मला माहीत आहे ना याचं."

गोगलगायीला कळलं. सुनेला कळलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं की, थांबा म्हटल्यावरही सासूबाई नको म्हणाल्या. तिने भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ दगडासारखी. पुढची कळ आली तेव्हा तिने कठडा धरला, बाईंचा हात नाही.

बाहेर येऊन बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. एका खाटेची ओळ तशीच होती, त्यांच्याच अक्षरातली. डस्टर त्यांनी उचललं आणि परत ठेवलं.

चिरंजीव बाकावरून ताडकन उठले. "झालं?"

"नाही."

"मग तू बाहेर कशी?"

"माझी पाळी संपली."

"अगं पण आई, सगळ्या जगाची बाळंतपणं तू वेळेत उरकतेस, आणि घरचं..." बाईंनी थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला. स्वतःसाठी ओतला आणि तसाच धरून ठेवला. बाक टणक होता. इतक्या सासवा, इतक्या आया इथे बसून गेल्या, आणि बाईंनी दार अर्धवट उघडून त्यांना फक्त बातम्या सांगितल्या होत्या. दारापलीकडचा आवाज इथे नीट येत नाही. पण अजिबात येत नाही असंही नाही. कळलं तर पूर्ण कळावं, नाहीतर काहीच कळू नये. हे मधलं फार वाईट, असं बाईंना त्या दुपारी कळलं. त्यांना सुनेचा आवाज येत होता. आधी चिडका, मग थकलेला, मग बराच वेळ काहीच नाही. मधे एकदा हसण्यासारखं काहीतरी. मग एक खोल, जड आवाज, जो बाईंना पाठ होता, आणि त्या उठून उभ्या राहिल्या. दाराच्या कडीला हात लागला. चूक तर नाही ना झाली आपली? पोरीने आई म्हणून हाक मारली आणि आपण तत्त्वं सांभाळत बसलो? त्यांनी कडी सोडली. उन्हं कलून बाकाच्या पायांशी आली होती.

मग आत सगळं गप्प झालं. रडण्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. चिरंजिवांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा चेहरा कसा ठेवावा ते न सुचून भिंतीकडे पाहिलं.

आणि मग बाळ रडलं. खणखणीत.

गोगलगाय बाहेर आली तेव्हा तिच्या बाह्या दंडापर्यंत भिजलेल्या होत्या आणि डोळेही कोरडे नव्हते.

"दोघं छान आहेत," ती म्हणाली. तिने बाईंना कोपऱ्यात ओढलं. "बाई, पाणी शेवटपर्यंत फुटलंच नाही. बाळ पिशवीतच आलं. अख्खं."

शिकत असताना बाईंनी हे ऐकलं होतं. पुस्तकात चित्रही होतं. असं क्वचित होतं, एवढंच त्याखाली लिहिलेलं. त्यानंतर इतकी बाळं हातांत आली, पण असं एकही त्यांनी पाहिलं नव्हतं. दिसणार कसं? त्यांनी कुणाचीच पिशवी तिथवर जाऊ दिली नव्हती.

"कसं दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

गोगलगायीने दोन्ही हातांची ओंजळ केली, जणू ते अजून तिथेच होतं. "पाण्यात बसलं होतं, बाई. डोळे मिटून. एक हात असा गालाशी. आपण बाहेर आलोय हे त्याच्या गावीही नव्हतं. मी क्षणभर बघतच राहिले. मग बोटांनी पिशवी सोडवली, तेव्हा कुठे रडलं." ती थांबली. "तुम्ही असायला हवं होतं."

"हं," बाई म्हणाल्या.

"आई!" चिरंजीव बाकावरून ओरडले. "मुलगा की मुलगी?"

बाईंनी गोगलगायीकडे पाहिलं. "अगं हो. विचारायचंच राहिलं."

मुलगी होती. ती आईच्या छातीवर, कापडात गुंडाळलेली होती. बाई आत गेल्या तेव्हा सुनेने डोळे उघडले, पण हसली नाही.

"गेलात ना मला टाकून."

"गेले."

"फार राग आलाय मला तुमचा."

"येणारच."

"थांबला असतात, तर तुमच्याच हातात आली असती."

"आली असती," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा हलला आणि त्यांनी तो हलू दिला. "पण अशी नसती आली."

सुनेला यातलं किती कळलं कुणास ठाऊक. तिने कापडाचं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून पुढे केलं.

"मनगट दुखत नाही ना? मग धरा. मला झोप येतेय. आणि आता कुठे जाऊ नका."

बाईंनी पायाने स्टूल ओढलं आणि नातीला घेऊन सुनेच्या उशाशी बसल्या. पोरीचा एक हात अजून गालाशीच होता.